दहा फुटांवरची कडी
(आशियाई बास्केटबॉल स्पर्धेची कथा)



दिवाळीच्या सुट्टीनंतर आपल्या शाळेच्या बास्केटबॉल संघाची निवड झाली, त्या सायंकाळची गोष्ट. मैदानावर बरीच मुले जमली होती. नववीतील एक विद्यार्थी मात्र कुंपणापलीकडे सायकलला टेकून उभा राहून नुसता पाहत होता. मी त्यास आत बोलाविले, तेव्हा तो खाली पाहत म्हणाला, "नको बाई. मी पाचच फूट आहे. हा उंच माणसांचा खेळ आहे." आणि सायकलवर बसून तो निघूनही गेला.

मला तेथल्या तेथे उत्तर सुचले नाही. खरे सांगावयाचे तर ते वाक्य मला थोडे लागले. मी महाविद्यालयात होते, तेव्हा संघनिवडीच्या दिवशी आम्हा मुलींना प्रथम भिंतीशी उभे करून उंची मोजण्यात आली होती आणि खडूच्या एका रेघेखाली ज्यांचे डोके राहिले, त्यांना चेंडू हातात न देताच परत पाठविण्यात आले होते. त्या रेघेखाली मीही होते. तेव्हा या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर शोधणे हे थोडेफार माझेही काम होते. ते शोधीत असता आशिया खंडातील राष्ट्रांच्या बास्केटबॉल स्पर्धेचा इतिहास माझ्या वाचनात आला. तो मी आपणांपुढे ठेवीत आहे.

आरंभ खेळाच्या जन्मापासून केला पाहिजे. इ. स. १८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड या गावी जेम्स नेस्मिथ नावाच्या व्यायामशिक्षकाने हा खेळ शोधून काढला. नेस्मिथ मूळचे कॅनडाचे. हिवाळ्यात बाहेर बर्फ पडत असे आणि दांडगी मुले व्यायामशाळेत कोंडली जाऊन कंटाळत, म्हणून छताखाली खेळता येईल असा खेळ त्यांना हवा होता. त्यांनी शिपायाकडून दोन खोकी मागविली. खोकी मिळाली नाहीत, तेव्हा त्याने पीच नावाच्या फळांच्या दोन टोपल्या आणून दिल्या. त्या सज्जाच्या कठड्यास ठोकण्यात आल्या. कठडा जमिनीपासून दहा फूट उंच होता, एवढ्याच कारणाने आजही जगभर कडीची उंची दहा फूट, म्हणजे ३.०५ मीटर आहे! त्या टोपल्यांना बूड होते. गोल झाला की शिडी लावून चेंडू काढावा लागे.

आमच्या गोव्याकडे कोंकणीत टोपलीस पांटली म्हणतात. हा मजकूर मी प्रथम वाचला, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे मासळीची पांटली आली. आपणा सौंसर-पांढुर्ण्याच्या मुलांच्या डोळ्यांपुढे संत्र्याची टोपली येईल. फळांच्या टोपलीतून निघालेला खेळ संत्र्यांच्या मुलखात परका वाटण्याचे वस्तुतः काही कारण नाही.

नेस्मिथ यांनी तेरा नियम लिहून भिंतीवर लावले. त्यांतला मर्माचा नियम असा की, चेंडू हातात धरून धावावयाचे नाही. या एका नियमाने धक्काबुक्की कमी झाली, आणि शरीराच्या ताकदीपेक्षा चेंडू योग्य वेळी योग्य सोबत्याकडे देण्याला महत्त्व आले. आता दोन्ही बाजूंस पाच-पाच खेळाडू असतात. मैदान २८ मीटर लांब व १५ मीटर रुंद. दहा मिनिटांचा एक असे चार डाव होतात. चेंडू ताब्यात आल्यापासून २४ सेकंदांच्या आत कडीकडे फेक करावी लागते. जवळून गोल केल्यास दोन गुण, शिक्षेच्या मोकळ्या फेकीस एक गुण, आणि ६.७५ मीटरच्या कमानीबाहेरून चेंडू टाकल्यास तीन गुण. हा तीन गुणांचा नियम आंतरराष्ट्रीय सामन्यांत १९८४ साली आला. त्याआधी दुरून टाका की जवळून, गुण दोनच मिळत. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, पुढे तिचे काम पडेल.

हा खेळ आशियात आणला तो यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशन या संस्थेच्या शिक्षकांनी. आपल्याकडे मद्रासला १९२० साली हॅरी क्रो बक यांनी या संस्थेचे शारीरिक शिक्षण महाविद्यालय काढले. पण खेळाने घर केले ते फिलिपाइन्समध्ये. हे बेटांचे राष्ट्र तेव्हा अमेरिकेच्या अमलाखाली होते, आणि आपल्याकडे जसा गल्लोगल्ली क्रिकेट दिसतो, तसा तेथे गल्लोगल्ली बास्केटबॉल दिसू लागला. तो आजही दिसतो. नारळाच्या झाडाला लोखंडी कडी ठोकून अनवाणी खेळणारी मुले हे तेथले नेहमीचे दृश्य. तेथील माणसे उंच नाहीत. बांध्याने ती आपल्यासारखीच.

१९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉलला प्रथमच पदकाचा मान मिळाला. अंतिम सामना उघड्यावर, मातीच्या मैदानात झाला आणि नेमका पाऊस आला. चिखलात चेंडू उसळेचना. अमेरिकेने कॅनडास १९ विरुद्ध ८ असे हरविले. आजच्या सामन्यात एवढे गुण पहिल्या डावात होतात. वृद्ध नेस्मिथ त्या ऑलिंपिकला हजर होते. फिलिपाइन्सचा संघ पाचवा आला. येथे एक सांगण्याजोगा योगायोग आहे. त्याच वर्षी, त्याच बर्लिनमध्ये, आपल्या शेजारच्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या मंडळींनी कबड्डी आदी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके करून दाखविली होती. पांढुर्ण्याहून वरूडमार्गे अमरावती किती दूर! तेथली माणसे ज्या नगरात हुतूतूचा दम घुमवून आली, तेथेच हा टोपलीचा खेळ जगाच्या पंक्तीस बसला.

दुसऱ्या महायुद्धानंतर १९५१ साली नवी दिल्लीस पहिले आशियाई सामने भरले. बास्केटबॉलचे सुवर्णपदक फिलिपाइन्सने नेले; जपान दुसरा, इराण तिसरा. १९५४ साली ब्राझीलमधील जागतिक स्पर्धेत याच फिलिपाइन्सने तिसरे स्थान मिळविले. जागतिक स्पर्धेत याहून वरचे स्थान आशियातील कोणत्याही देशास आजतागायत मिळालेले नाही. तेव्हा आशियाई राष्ट्रांची स्वतंत्र अजिंक्यपद स्पर्धा १९६० साली सुरू झाली, ती मनिला येथेच सुरू व्हावी हे स्वाभाविक होते. ती यजमानांनीच जिंकली. १९६३ साली तैपेई येथेही तेच जिंकले.

मग १९६५ साली क्वालालंपूर येथे जपानने बाजी मारली. १९६७ मध्ये सेऊल येथे पुन्हा फिलिपाइन्स, १९६९ मध्ये बँकॉक येथे दक्षिण कोरिया, १९७१ मध्ये टोकियो येथे पुन्हा जपान, १९७३ मध्ये मनिला येथे पुन्हा फिलिपाइन्स. पहिल्या सातही स्पर्धा या तीन देशांनी आपसांत वाटून घेतल्या, आणि या तिन्ही देशांत उंच माणसांचे पीक येत नाही.

यांपैकी १९६९ ची हकीगत सांगितल्यावाचून राहवत नाही. कोरियाच्या संघात शिन डोंग-पा नावाचा खेळाडू होता. निर्णायक सामन्यात फिलिपाइन्सविरुद्ध त्याने एकट्याने ५० गुण केले, आणि कोरियाने सामना ९५ विरुद्ध ८६ असा जिंकला. तीन गुणांची कमान त्या काळी नव्हती हे आठवावे. पन्नास गुण म्हणजे दोन-दोन आणि एक-एक करून जमविलेली रास. ज्या देशाचे विजेतेपद त्याने हिरावून घेतले, तेथल्याच लोकांनी पुढे त्याला डोक्यावर घेतले. मनिलात त्याचे नाव लहान मुलांच्या तोंडी झाले. प्रतिस्पर्ध्याचे कौतुक करावयास मोठे मन लागते, आणि तितकाच खेळही कळावा लागतो.

आता मूळ प्रश्न असा की, ही मंडळी उंच नसता जिंकत कशी होती? एक उत्तर वेगात आहे. माणूस कितीही चपळ असला तरी हाताहातातून जाणारा चेंडू त्याच्याहून लवकर पोहोचतो. संत्र्यांच्या हंगामात गाडी भरताना पहा. एकाच गड्याने बागेतून गाडीपर्यंत टोपल्या वाहिल्या तर दिवस मोडतो. तेच पाच जण ओळीने उभे राहून हातोहात देऊ लागले की टोपली जणू हवेतून जाते. जपानी व कोरियन संघांनी हेच केले. उंच खेळाडू कडीखाली येऊन उभा राहण्याच्या आतच ते चेंडू पुढे पोहोचवीत.

दुसरे उत्तर कमानीत आहे. मी कला शाखेची पदवीधर असल्यामुळे येथे आपल्या गणिताच्या सरांची मदत घ्यावी लागली. कडीचा व्यास ४५ सेंटिमीटर असतो आणि चेंडूचा सुमारे २४. चेंडू अगदी सरळ वरून खाली आला, तर त्यास पूर्ण ४५ सेंटिमीटरचे दार उघडे असते. पण तो तिरपा आला, तर त्याच्या बाजूने पाहता ते गोल दार चपटे दिसू लागते. ताटाकडे वरून पाहावे, मग हळूहळू बाजूने पाहावे, म्हणजे हे ध्यानात येईल. चेंडू जमिनीशी ६० अंशांचा कोन करून उतरला, तर दार सुमारे ३९ सेंटिमीटरचे राहते. ४५ अंशांनी उतरला तर जवळजवळ ३२. आणि ३० अंशांनी उतरला तर अवघे साडेबावीस. साडेबावीसच्या दारातून चोवीसचा चेंडू सरळ जाणार कसा? तो कडीस आपटून बाहेर उडतो. आपल्या संघातील उंच मुले जोराने सरळ फेकतात आणि चेंडू परत का येतो म्हणून कडीकडे रागाने पाहतात, त्यांनी हा हिशोब एकदा करून पाहावा. हात लांब करणे कुणाच्या हाती नाही, पण कमान उंच करणे आहे. ते बोटांचे, मनगटाचे आणि गुडघ्याचे काम आहे. रोज शेकडो वेळा तीच फेक केल्यावाचून ते साधत नाही. पुढे तीन गुणांची रेघ आली, तेव्हा तर दुरून अचूक फेकणाऱ्याचे मोल आणखीच वाढले.

एवढे सांगून मी थांबले असते तर लेख गोड झाला असता, पण खरा झाला नसता. १९७५ साली बँकॉकच्या स्पर्धेत चीन प्रथमच उतरला आणि पहिल्याच पदार्पणात जिंकला. तेव्हापासून २०१५ पर्यंत चीनने ही स्पर्धा सोळा वेळा जिंकली. एवढ्या मोठ्या लोकसंख्येतून उंच मुले लहानपणीच हेरून त्यांना क्रीडाशाळांत घडविण्याची त्यांची रीत होती. त्यांचा याओ मिंग साडेसात फूट उंच. २००१, २००३ आणि २००५ या तिन्ही वेळी चीन जिंकला, तेव्हा स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला. उंचीचा उपयोग नाही असे म्हणणे म्हणजे डोळ्यांवर कातडे ओढणे होय. परंतु याओ मिंग नुसता उंच नव्हता. त्याची मोकळी फेक आणि चेंडू देण्याची समज कित्येक बुटक्या खेळाडूंनी हेवा करावा अशी होती. नुसत्या उंचीने स्पर्धा जिंकता आली असती तर चीन १९८५ साली फिलिपाइन्सपुढे व १९९७ साली दक्षिण कोरियापुढे मागे पडला नसता.

पुढे इराणने सव्वासात फुटांच्या हामेद हद्दादीच्या बळावर २००७, २००९ व २०१३ अशी तीन विजेतीपदे मिळविली. २०१७ पासून स्पर्धेचे रूप पालटले. तिचे नाव आशिया चषक झाले. ती दोन वर्षांऐवजी चार वर्षांनी भरावी असे ठरले. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड हे देश तिच्यात सामील झाले. (भूगोलाच्या तासाला कुणी ऑस्ट्रेलिया आशियात दाखविला, तर मात्र गुण मिळणार नाहीत.) तेव्हापासून २०१७, २०२२ व २०२५ या तिन्ही स्पर्धा ऑस्ट्रेलियाने जिंकल्या. २०२५ चा जेद्दा येथील अंतिम सामना चीनविरुद्ध ९० विरुद्ध ८९, एका गुणाने!

आणि भारत? आपला संघ या स्पर्धेत प्रथम उतरला तो १९६५ साली. दहा वर्षांनी, १९७५ मध्ये बँकॉक येथे, आपण चौथे आलो. चीन, जपान आणि दक्षिण कोरिया एवढेच पुढे होते. ती आपली आजवरची सर्वांत वरची पायरी. १९८१ साली ही स्पर्धा कोलकात्यास भरली. त्याआधी १९८० साली मॉस्को ऑलिंपिकमध्ये भारताचा बास्केटबॉल संघ खेळला, तो मात्र आशियातील अव्वल संघांनी बहिष्कारामुळे जाण्याचे नाकारले म्हणून. तेथे आपण सर्व सामने हरलो. त्यानंतर बराच काळ आपण मागेच राहिलो. तथापि २०१४ साली चीनमधील वूहान येथे, या अजिंक्यपदाहून निराळ्या असलेल्या त्या वेळच्या आशिया चषकात, भारताने खुद्द चीनला ६५ विरुद्ध ५८ असे हरविले. चीनवरचा आपला तो पहिलाच विजय. जेद्दा येथे २०२५ मध्ये आपला संघ जॉर्डनशी बरोबरीत राहून जादा वेळेपर्यंत लढला आणि मग हरला. कुणी म्हणेल, हरलाच ना? होय, हरला. पण चार डावांत तो सामना बरोबरीत होता, हेही गुणफलकावर लिहिलेले आहे.

मराठी मुलखाचा या खेळाशी संबंध काय, असे पालक विचारतील. मुंबईच्या नागपाड्यात हा खेळ कामगारवस्तीतील गल्लीबोळांत रुजला. तेथे मोठी क्रीडांगणे नव्हती. बास्केटबॉलला लागते तेवढी जागा तेवढी होती. अब्बास मुंतसिर हे त्याच वस्तीतून वर आले, भारताचे कर्णधार झाले आणि १९७० चा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला. मुलींपैकी पुण्याची शिरीन लिमये हिचे नाव घेतले पाहिजे. २०१७ साली बंगळूर येथे महिलांच्या आशिया चषकाच्या दुसऱ्या विभागात भारताने कझाकस्तानला ७५ विरुद्ध ७३ असे हरवून वरच्या विभागात प्रवेश मिळविला, त्या संघात ती होती. पुढे तिने भारतीय संघाचे नेतृत्वही केले. आपल्या शाळेतील मुलींनी हे मुद्दाम वाचावे. निवडीच्या दिवशी त्यांच्यापैकी तिघीच आल्या होत्या.

आता आपल्या मैदानाविषयी. आपली जमीन काळी. कापसाला आणि संत्र्याला ती लक्ष्मी, पण बास्केटबॉलला वैरीण. पावसाळ्यात ती चिकटते, चेंडू उसळत नाही, बर्लिनचा सामना आपण दरवर्षी चार महिने खेळतो. आणि उन्हाळ्यात तिला बोट शिरेल एवढ्या भेगा पडतात. त्यावर उपाय म्हणून वीतभर माती काढून खाली दगडगोटे आणि वर मुरूम घालून, पाणी मारून धुमसाने ठोकावा लागतो. पालकांपैकी काहींनी गेल्या हिवाळ्यात ट्रॅक्टरने मुरूम आणून दिला आणि अर्धे मैदान तसे झाले. उरलेले अर्धे अजून काळेच आहे. त्यामुळे सध्या आमचा सारा खेळ एकाच कडीवर चालतो. तेवढ्यावर फेकीचा सराव होतो. धावण्याचा व हातोहात चेंडू देण्याचा व्हावा तसा होत नाही. शहरातल्या शाळांशी सामना पडला की मध्यंतरानंतर आमची मुले दमतात, त्याचे कारण त्यांच्या उंचीत नसून या उरलेल्या चौदा मीटरांत आहे, असे माझे मत आहे. ज्या पालकांच्या शेतात विहिरीचा मुरूम निघत असेल, त्यांनी शाळेस कळवावे, अशी येथे विनंती करते.

निवडीच्या पद्धतीतही एक बदल केला आहे. उंची मोजावयाची नाही. प्रत्येकास मोकळ्या फेकीच्या रेघेवरून पंचवीस चेंडू द्यावयाचे आणि किती पडले ते वहीत लिहावयाचे. पंधरा दिवसांनी पुन्हा पंचवीस. दोन आकड्यांत ज्याची वाढ अधिक, त्याचे नाव आधी घ्यावयाचे. ही रीत सर्वस्वी निर्दोष आहे असे नाही. सामन्यात अंगावर येणाऱ्या प्रतिस्पर्ध्यापुढे फेकणे निराळे आणि रिकाम्या मैदानात फेकणे निराळे. पण खडूच्या रेघेपेक्षा ती मला अधिक न्यायाची वाटते.

कुंपणापलीकडच्या त्या विद्यार्थ्यास मी हा ताटाचा आणि कडीचा हिशोब वर्गात फळ्यावर काढून दाखविला. त्याने काही म्हटले नाही. वहीच्या शेवटच्या पानावर तो उतरून घेतला, इतकेच. दोन दिवसांनी मी सकाळी लवकर शाळेत आले, तो मैदानावर चेंडू आपटल्याचा आवाज येत होता. पहिल्या पंचविसांत त्याचे चार पडले. पंधरा दिवसांनी नऊ. हा लेख छापखान्यात जाईपर्यंत तिसरा आकडा वहीत आलेला नाही.